कायादगड

त्या गुरवबाबांना 'कायादगड' हे नाव मी दिलं. पुढे कित्येक वर्षं मी 'गावानं ठेवलेलं नाव' असंच सांगत आलो. गावानं ते उचललं, फिरवलं, पण पहिल्यांदा ते माझ्या तोंडून निघालं. चावडीसमोर भरलेल्या सभेत, शंभरेक माणसांपुढे, एका सत्तरीच्या माणसाचं बोलणं हाणून पाडायला मी ते वापरलं. आणि जे बोललो ते खोटं आहे, हे बोलतानाच मला ठाऊक होतं.

आमच्या वऱ्हाडात काळ्याला काया म्हणतात. कायादगड म्हणजे काळा दगड, एवढाच त्याचा अर्थ. पण गावात एखादं नाव चिकटलं की अर्थ कोण विचारतो?

सत्तरीच्या दशकाचा मध्य असेल. मोठा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. वाशीम जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आमचा सगळा भाग अकोल्यात मोडायचा. मी नवा ग्रामसेवक, चोविशीचा. मेडशीला एस.टी.तून उतरून दोन तास पायी गेलं की माझं गाव यायचं. पऱ्हाटीची आणि ज्वारीची शेतं ओलांडली की आधी बौद्धवाडा लागे, मग शाळा, मग चावडी, आणि गावाच्या पार टोकाला, बारवेजवळ, महादेवाचं हेमाडपंती देऊळ.

गावात येऊन आठ-दहा दिवस झाले असतील. शनिवारी दुपारी काही काम नव्हतं म्हणून मी देऊळ बघायला गेलो. बाहेरून ते काही भव्य नव्हतं. जमिनीत अर्धं रुतल्यासारखं, बुटकं, काळं. शिखर कधीचंच पडलेलं. चार पायऱ्या उतरून सभामंडपात गेलं की मात्र अंगावरचं ऊन एकदम उतरायचं. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. दोन दगडांच्या मधल्या सांध्यात मी बोटाचं नख घालून पाहिलं, गेलं नाही. वर छताला उलटं कमळ. सहा-सातशे वर्षं लोक इथं येत असतील, वाकत असतील, कारण उंबरठा मधोमध बशीसारखा झिजला होता.

भिंती मात्र मला नुसत्या काळ्या ठिक्कर दिसल्या. थोडंफार काही कोरलेलं असावं, इतपतच.

मंडपाच्या कोपऱ्यात एक उघडाबंब म्हातारा बादली आणि नारळाचा काथ्या घेऊन भिंत घासत होता. हेच गुरवबाबा. घरात पिढ्यान् पिढ्या देवळाची पूजा आणि राखण. मला पाहून ते उठले नाहीत.

"नवे सेवकसाहेब का तुमी?"

"हो. देऊळ पाहायला आलो."

"कोरडं पाहून काय दिसन? थांबा."

त्यांनी तांब्या बादलीत बुडवला आणि मनगट असं फिरवलं की पाणी भिंतीवर चादरीसारखं पसरलं. आणि काय सांगू, भिंत जागी झाली. ओला दगड शाईसारखा चमकला, आणि त्यातून एक बाई बाहेर आली. तिच्या हातात झांजा. शेजारी मृदंग वाजवणारा, मान तिरकी करून तिच्याकडे पाहणारा. खाली हत्तींची रांग, प्रत्येक हत्तीची सोंड वेगळी वळलेली. मी 'अरे!' म्हणालो असेन, कारण बाबा हसले.

"पाहून घ्या लवकर. वाळल्यावर मंग आत जातेत."

खरोखरच दोन-तीन मिनिटांत पाणी सुकलं आणि ती सगळी मंडळी दगडात परत गेली. मग बाबांनी दुसरी भिंत ओली केली. तिसरी केली. मी दुपारभर तिथंच होतो. बारवेतून पाणी शेंदायचं, रिठ्याच्या पाण्यानं दगड घासायचा, पुन्हा धुवायचा, असं त्यांचं दर शनिवारचं काम. एका शनिवारी एक बाजू. चार शनिवारी देऊळ एकदा धुऊन व्हायचं, की पाचव्या शनिवारी पुन्हा पहिल्यापासून. मी स्वतः त्या दिवशी त्यांना सहा बादल्या शेंदून दिल्या. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला काडीचीही जागा नाही.

त्याच वर्षी पंचायत समितीतून निरोप आला की मोठे साहेब स्वच्छ गावांचे नंबर काढायला तालुक्यात निघणार आहेत, आणि आमचं गावही यादीत आहे. मला पहिलं यायचं होतं. त्या वयात माझ्या डोक्यात तेवढं एकच होतं. गटारं काढली, उकिरडे हलवले, शाळेला रंग दिला. रंगाचे काही डबे उरले, ऑइल पेंटचे, पिवळे आणि निळे. देऊळ तेवढं काळंकुट्ट दिसत होतं. मी सरपंचांना म्हणालो, देवळालाही एक हात फिरवून टाकू.

सरपंच भला माणूस, पण त्यांना कुणाचाही शब्द मोडवत नसे. म्हणाले, "सभेत घेऊ."

सभेत सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात गुरवबाबा मागून उठले. ते सभेत कधी बोलत नसत, म्हणून सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"सायेब, शाळेले देल्ला तसा देवळाले नका देऊ. हा दगड पानी पेते. पावसाळ्यात पेते, उन्हाळ्यात सोडते. त्याचं तोंड बांधलं तर आतलं पानी कुठून निंघन? आतल्या आत फुगन तो."

एक-दोन म्हातारे म्हणाले, "खरं हाये." सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. सभा हातातून निसटत चालल्याचं मला कळलं. माझ्याजवळ बाबांच्या म्हणण्याला उत्तर नव्हतं. मी दगडाचं काही शिकलो नव्हतो. तेव्हा मी हसलो आणि म्हणालो,

"बाबांचं बरोबर आहे, मंडळी. दगड काळा असला की मळ दिसत नाही. मळ दिसला नाही की झाडू लागत नाही, पाणी लागत नाही. पिवळा रंग दिला तर बिचाऱ्यांना रोज धुवावं लागेल! राहू द्या त्यांचा काया दगड!"

'काया' मी मुद्दाम म्हणालो, त्यांच्या बोलीत, हशा मिळावा म्हणून. आणि हशा मिळाला. असा मिळाला की एकजण मांडीवर थाप मारत ओरडला, "अबे, कायादगड! घ्या, म्हाताऱ्याले नाव भेटलं!" पुन्हा हशा. बाबा थोडा वेळ उभे राहिले. माझ्याकडेच पाहत होते. त्यांना वाटलं असावं की मी आता सांगेन, गंमत केली म्हणून, मी यांना धुताना पाहिलंय म्हणून. मी सरपंचांना म्हणालो, "मग ठराव लिहून घेऊ ना?" बाबा खाली बसले.

रंग द्यायला बौद्धवाड्यातला एक पेंटर होता. माझ्याच वयाचा, शाळेचे फलक त्यानंच लिहिले होते, अक्षर मोत्यासारखं. मी त्याला देवळाजवळ नेलं तर तो हात मागे बांधून बाहेरच उभा राहिला.

"साहेब, माह्या हातानं देऊळ रंगवता. गावाले विचारलं का?"

"बाहेरून रंगवायला कोण काय म्हणतो? आणि आतूनही रंगव, मी आहे."

"तुमी हायेत, पन तुमी बदलून जासान." तो हसला. मग भिंतीवरून तळहात फिरवत राहिला. "देव आमी सोडला साहेब. पन ज्यानं हे हातानं घडवलं त्याले कायले सोडू? ऑइल पेंट नका लावू याच्यावर. चुना लावा मंग. चुना निदान धुऊन तरी जाते."

"तू ब्रश चालव. डोकं मी चालवतो."

त्यानं ब्रश चालवला. भिंती पिवळ्या केल्या, मूर्ती निळ्या. झांजेवालीच्या साडीला कोणता रंग द्यायचा यावर गावात दोन दिवस वाद झाला. शेवटी सरपंचांच्या घरून 'हिरवा द्या' असा निरोप आला. बाबा तेवढे दिवस गाभाऱ्यात पूजा करून मान खाली घालून घरी जायचे. पेंटर त्यांना 'जय भीम, बाबा' म्हणायचा, ते 'रामराम' म्हणायचे. माझ्याशी ते बोलले नाहीत.

मोठे साहेब आले. शाळा पाहिली, गटारं पाहिली, मग देवळासमोर जीप थांबली. आम्ही सगळे ताठ उभे. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "या गावात एक फार जुनं देऊळ आहे म्हणे. ते कुठंय?"

"हेच, साहेब."

"हे?" त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला. "हे तर परवाचं दिसतंय."

मला ती शाबासकी वाटली. मी सरपंचांकडे पाहून मान डोलावली. ही गोष्ट आठवली की आजही मी एकटा असलो तरी मान खाली घालतो.

गाव पहिलं आलं नाही. ते जाऊ द्या. नाव मात्र राहिलं. श्रावणात सोमवारी बाबा घरोघरी बेल द्यायला जात. दारात उभं राहून 'बेल घ्या हो माय' म्हणायची त्यांची रीत. आता आतून आवाज यायचा, "पाह्य वं, कायादगड आला." कोणी वाईट मनानं म्हणत नव्हतं. त्यामुळेच ते थांबवता येत नव्हतं. पुढच्या श्रावणात बाबा स्वतः बेल घेऊन निघाले नाहीत. त्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचं लग्न झालं होतं. नवी सून परडी घेऊन दारोदार फिरू लागली, आणि बाया तिला 'कायादगडाची सून' म्हणू लागल्या. मी रोज चावडीवर बसून ऐकत होतो. त्याच सालाच्या शेवटी माझी बदली मंगरूळपीरला झाली आणि मी सुटलो, असं मला वाटलं.

मंगरूळपीरला दोन वर्षं गेली. एके दिवशी बाजारपेठेत एका दुकानाच्या पाटीवर कोणीतरी अक्षरं काढत होतं. मोत्यासारखं अक्षर पाहून मी थांबलो. तोच पेंटर. शिडीवरून उतरला, चहा घेऊ म्हणाला. मीच विचारलं, देऊळ कसं आहे?

"तुमचा रंग निंघून राह्यला, साहेब. निसताच नाई निंघत, दगडाची साल घेऊन निंघते. ते झांजवाली होती ना? तिचं तोंड गेलं. पोपडा पडला अन् तोंड त्याच्यासंगं खाली."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हातारा रोज घासून राह्यला. नारयाची करवंटी घेते, तिच्या काठानं हळूहळू खरवडते. लोखंड लावत नाई, दगडाले वरखडे पडतीन म्हन्ते. राशनचं घासलेट भेटते, तेबी भिंतीले लावते. घरी सून बोंबलते. ती काय म्हन्ते मालूम हाये? म्हन्ते, धुवाच्या वक्ती धुतलं असतं तर रंग कायले लागला असता?"

"ती असं म्हणते?"

"मंग काय म्हनन? गाव सांगते तेच तिले खरं. रंग जाते साहेब, आज ना उद्या. नाव काई जात नाई."

हे ऐकून मी दुसऱ्या दिवशी गेलो असतो तर आज हे लिहिताना थोडं हलकं वाटलं असतं. मी गेलो नाही. आधी वसुलीचं काम होतं, मग घरी लग्न होतं, मग पावसाळ्यात रस्ता बंद असेल असं मीच ठरवलं. वर्ष असंच घालवलं. खरं कारण एवढंच की बाबा सभेत उभे राहून माझ्याकडे पाहत होते ते मला पुन्हा पाहायचं नव्हतं.

पुढच्या श्रावणात, एका रविवारी, मी मेडशीला उतरलो आणि चालत गेलो. देवळाजवळ पोचलो तेव्हा दुपार झाली होती. अंगाला खरूज झालेल्या जनावरासारखं देऊळ दिसत होतं. कुठं पिवळं, कुठं निळं, कुठं करडी उघडी जखम. मंडपात पायाखाली रंगाचे पोपडे चुरचुरले. बाबा भिंतीशी बसले होते, खूप वाळले होते. खरवडण्याचा बारीक आवाज येत होता.

"कोन हाये?"

"मी, बाबा. आधीचा ग्रामसेवक."

हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला. "या. पाय पाहून ठेवा, पोपडे टोचतेत."

मी त्यांच्याजवळ खाली बसलो. वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो होतो. म्हणालो, "बाबा, मी माफी मागायला आलो."

"कायची?"

"रंगाची."

"रंग तर गावानं देल्ला. ठराव झालता."

"आणि त्या दिवशी बोललो त्याची. मी तुम्हाला धुताना पाहिलं होतं. बादल्या शेंदून दिल्या होत्या. तरी बोललो."

बाबांनी करवंटी खाली ठेवली. धोतराच्या सोग्यानं हात पुसले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी रागाची तयारी करून गेलो होतो, या आवाजाची नाही.

"ते मले कायले सांगता, सायेब? मी धूत होतो का नाई, हे मले मालूम हाये. ज्यायले मालूम नाई त्यायले सांगा ना."

"गावाला ठाऊकच आहे की, बाबा. सगळ्यांनी पाहिलंय तुम्हाला."

"गावाची गोठ सोडा. गाव हसते अन् आपल्या कामाले लागते. माही सून हाये ना, ती रंग लागल्यावर आली. तिनं मले दगड धुताना कधी पाह्यलंच नाई. तिले वाटते, सासरा आळशी होता, त्याच्यापायी देवाची दशा झाली. पोरगी मनानं चांगली हाये. भाकर देते, पानी देते." त्यांनी करवंटी पुन्हा उचलली. "पन वर पाहून देत नाई."

मी म्हणालो, "मी घरी येतो, तिला सांगतो."

"घरी येऊन सांगसान तर तिले वाटन, म्हाताऱ्यानं सायबाले बलावून पढवलं. नाव चारचौघांत पडलं होतं, सायेब."

मी उठून सरपंचांकडे गेलो. ते ओसरीवर होते. मला पाहून आनंदले, जेवणाचा आग्रह केला. मी येण्याचं कारण सांगितलं तेव्हा अवघडले.

"काहून जुनं उकरता? गंमत होती ते. लोक विसरले."

"नाव विसरले?"

ते पानाला चुना लावत म्हणाले, "तुमी आता मोठ्या हुद्द्यावर जासान. हे असं बोलनं बरं दिसन का, पाहा बाबा. पुन्हा तुमालेच हसतीन."

"हसू द्या."

"मंग उद्या सोमवार हाये. सकायी आरतीले देवळापुढं सारं गाव राह्यते, बायाबी राह्यतेत. तिथंच बोला. मी नाई म्हननार नाई."

इथंच सांगून टाकतो, मी बोललो म्हणून नाव पुसलं गेलं नाही. बाबा आता नाहीत, त्या घराला मात्र अजूनही कायादगडाचंच घर म्हणतात. अलीकडे त्या गावचा एकजण वाशीमला भेटला, त्यालाही त्यांचं दुसरं नाव आठवेना. माझ्या माफीची ताकद किती होती, हे मला नीट माहीत आहे.

सोमवारी सकाळी आरती झाली. पुरुष पायऱ्यांच्या वर, बाया बारवेच्या बाजूला पदर सावरून उभ्या. बाबा तबक घेऊन गाभाऱ्यातून वर आले आणि मला पाहून कडेला थांबले. सून बायांच्या पुढे होती, हातात बेलाची रिकामी परडी. सरपंचांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाले, "पयले सेवकसाहेब आलेत, त्यायले काई बोलायचं हाये."

मी म्हणालो, "मंडळी, मी इथं नोकरीला असताना चावडीवर एक गोष्ट बोललो होतो. बाबा देऊळ धूत नाहीत, म्हणून त्यांना रंग नको, असं बोललो. तुम्ही हसला होता."

मागून कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या ना, साहेब." एक-दोघं आताही हसले.

"ते खोटं होतं. मला माहीत असून मी बोललो. त्याच्या आधीच एका शनिवारी मी इथं दुपारभर बसलो होतो, आणि बाबा ही भिंत रिठ्याच्या पाण्यानं धूत होते. मी पाणी शेंदून दिलं. रंग देऊ नका असं ते म्हणाले ते देवळासाठी म्हणाले, आणि ते बरोबर होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही त्यांचं ऐकाल अशी भीती वाटली, म्हणून मी त्यांची टवाळी केली. तुम्ही हसलात तेव्हा मला बरं वाटलं."

आता कोणी हसलं नाही. मी बायांच्या बाजूला वळलो. सुनेकडे पाहून बोलायचं होतं, पण तिचा पदर पुढे आला होता, म्हणून परडीकडे पाहून बोललो.

"ताई, तुम्ही या गावात रंग लागल्यावर आलात, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतो. तुमचे सासरे दर शनिवारी हे देऊळ धूत होते. देवळाची दशा झाली ती त्यांच्या आळसानं नाही, माझ्या हट्टानं झाली."

मग मी चार पावलं चालून बाबांजवळ गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बाबा, माझं चुकलं. मला माफ करा."